भट्टीचा चौथा खण

कुळूर, १२ नोव्हेंबर २०१८

अक्काला कांतप्पाचा नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते समोरच्यांच्या घरात टाकलं होतं, त्यांनी पाच दिवसांनी आणून दिलं. कार्ड उघडंच असतं, त्यांनी वाचलं असेल की काय कोण जाणे. पुढच्या वेळी तुझ्या लेकीला, मल्लिकाला सांग, पाकिटात घालून पाठव. पिनकोडचा शेवटचा आकडा तीन आहे, तिने आठ काढला होता.

भावोजींच्या दिवसांना मी आलो नाही. गुडघा सुजला होता. साखरही वाढली होती. शिवाय तुमच्या फेरोकला आपल्याकडची गाडी दोनच मिनिटं थांबते, तेवढ्यात या पायाने उतरणं झालं नसतं तर पुढे कुठे जाऊन पडलो असतो कोणास ठाऊक. तिकडची भाषाही मला येत नाही. तू समजून घेशील.

तू लिहिलंस की भावोजी शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले, 'कांताने हो म्हटलं म्हणून मी दार फोडलं.' आणि पुढे लिहिलंस, 'मरताना तरी माणूस खरं बोलेल असं वाटलं होतं. तू गुळिगाच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतलीस. राखणदारासमोर कोणी खोटं बोलतं का? तुझ्यावर अविश्वास कसा धरू?' हे मी दोनदा वाचलं. तुझे पाय भाजले त्याला येत्या फेब्रुवारीत एकतीस वर्षं होतील. जाऊ दे.

इथली बातमी अशी की आपल्या कौलांच्या कारखान्याची बाग झाली. कारखाना बंद पडल्यावर पंधरा वर्षं तिथे नुसती झुडपं आणि साप होते. आता नगरपालिकेने कुंपण घातलं, हिरवळ लावली, चालायला वाट केली. डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय आणि रस्त्यावर लॉऱ्या, म्हणून तिथे जातो. चिखल मळायचं यंत्र होतं तिथे आता घसरगुंडी आहे. कौलं वाळवायच्या शेडखाली बाकडी टाकलीत. धुराडं तसंच ठेवलंय. मला त्याची भीती वाटते. वरच्या चार विटा सुटलेल्या दिसतात, आणि खाली लोक डबे उघडून बसतात. मी वॉचमनबाईला सांगितलं. वारिजा तिचं नाव, पन्नाशीची आहे, तोंडाने फटकळ. म्हणाली, "अज्जा, त्या विटा तुमच्या जन्माआधीपासून तिथे आहेत. तुम्ही आधी पडाल."

भट्टीही ठेवलीय. सगळे खण झाडून पुसून, आत दिवे लावून. प्रत्येक खणासमोर लोखंडी पाटी आहे, काय काय व्हायचं ते लिहिलेलं. मी तिसऱ्या खणापर्यंत गेलो. पुढे गुडघ्याने साथ दिली नाही.

तुझे पाय पावसाळ्यात दुखतात का अजून? कळव.

तुझा भाऊ
कांतप्पा


३ डिसेंबर २०१८

अक्का,

तुझं पत्र आलं, पाकिटात होतं, बरं केलंस. पिनकोडही बरोबर होता.

मागच्या पत्रात गुडघ्याचं लिहिलं ते खरं होतं, पण त्या दिवशी तो दुखत नव्हता. मी चौथ्या खणापर्यंत गेलो होतो. पाटी वाचली होती. तुला लिहावं की नाही ते समजत नव्हतं. आज लिहितो, कारण बागेत फिरायला आलेला आपल्यातला कोणीतरी तुला सांगेल आणि मग तू म्हणशील कांताने लपवलं.

पाटीवर असं आहे: 'चौथा खण. भट्टी पूर्ण थंड होण्याआधी दार फोडणे धोक्याचे असे. १९८८ साली मोनप्पा या कामगाराने मेस्त्रीच्या परवानगीविना या खणाचे दार फोडले. तापलेली रास कोसळून एक स्त्री कामगार गंभीर जखमी झाली.'

तुझं नाव नाही. माझं नाही. भावोजींचं आहे.

आणि अक्का, लोकांना काय, करमणूक लागते. परवा एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला निघायची घाई, गाडीची किल्ली हातात खुळखुळवत होता. बायको म्हणाली, "आले हो आले. नुसता मोनप्पा आहात!" दोघंही हसली. माझ्या बाजूच्या बाकावरचे गृहस्थही हसले. आता ते नाव बागेभर झालंय. कोणी फाटकाशी ढकलाढकली केली की वारिजा ओरडते, "ए मोनप्पा, दम धर!" गेल्या सोमवारी मी जरा लवकर पोचलो. साखरेमुळे झोप लागत नाही, म्हणून लवकर निघतो. फाटक उघडायला पाच मिनिटं होती. मी कडी हलवून पाहिली. ती आतून म्हणाली, "काय मोनप्पा अज्जा, भट्टी थंड झाली नाही अजून!"

मी घरी परत आलो. त्या दिवशी चाललो नाही.

मग विचार केला, हे बरं नव्हे. माणूस गेला, त्याच्या नावाने लोकांनी हसावं हे बरं नव्हे. म्हणून बागेच्या कचेरीत गेलो. सुगुणा म्हणून इंजिनियरबाई आहेत. चष्मा डोक्यावर, बोलणं गोड. मी म्हटलं, "पाटीवर लिहिलंय ते बरोबर नाही."

"का बरं अज्जा? मालकांच्या कचेरीतलं जुनं रजिस्टर आम्हाला मिळालं. त्यात चौकशीची नोंद आहे. मेस्त्रीने देवासमोर शपथ घेऊन सांगितलंय, असंही आहे."

"तरी बरोबर नाही."

"मग तुम्ही लिहून द्या. तिथे असलेल्या माणसाने लिहून दिलं तर बघता येईल. तुम्ही होता का तिथे?"

"होतो."

"काय काम करायचात?"

अक्का, मी म्हटलं, "कौलं वाहायचो."

कौलं बायका वाहायच्या. त्या बाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी तसंच कागदावर लिहून घेतलं.

कोरा कागद दिलाय. घरी आणून ठेवलाय. कागदाला वाळवी लागू नये म्हणून डब्यात घातलाय.

कांतप्पा


२० डिसेंबर २०१८

अक्का,

हे पत्र रजिस्टर करतोय. मल्लिका, तूच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तेव्हा इथून पुढे हळू वाच, आणि मध्ये थांबू नकोस. हे तुझ्यासाठीही आहे.

दार कसं फोडायचं ते तुला आठवत असेल, अक्का. मल्लिकाला माहीत नाही म्हणून लिहितो. खणात कौलं रचली की दाराला विटा आणि चिखलाची भिंत घालून बंद करायचो. भाजून झालं की थंड व्हायला दिवस जायचे. दार फोडण्याआधी मेस्त्रीने त्या भिंतीवर उघडा तळहात ठेवायचा आणि शंभर मोजायचे. शंभरपर्यंत हात टिकला तर दार फोडायचं. चटका बसून आधी काढावा लागला तर एक दिवस थांबायचं. भिंतीला हात लावायचा तो मेस्त्रीनेच. दार फोडणाऱ्याने विचारायचं, मेस्त्रीने सांगायचं. त्याआधी पहार उचलायची नाही.

मी मेस्त्री होऊन तेव्हा चार महिने झाले होते. माझ्या आधीच्या मेस्त्रीला मॅनेजरने 'फार सावकाश' म्हणून काढलं होतं. त्या आठवड्यात बंदरात गलबत लागलं होतं, माल भरायचा होता. मॅनेजर सकाळपासून तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं.

मी भिंतीवर हात ठेवला. चाळीसला काढला. काढावाच लागला. पंचावर पुसल्यासारखं केलं म्हणजे कोणाला दिसू नये.

भावोजी पहार घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "शंभर झाले?"

मी म्हटलं, "झाले. फोडा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "मेस्त्री तुम्ही की मी?"

मग त्यांनी दार फोडलं. बायका आत गेल्या, तू सगळ्यांच्या पुढे होतीस. पुढचं तुला माहीत आहे.

संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना काजऱ्याच्या झाडाखाली, गुळिगाच्या दगडापाशी बोलावलं. भावोजी म्हणाले, मेस्त्रीने हो म्हटलं. मी म्हटलं, मी हात लावण्याआधीच यांनी पहार घातली. आमचं बोलणं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, बायका लांब उभ्या होत्या. मालक म्हणाले, "मग राखणदारच ठरवेल." मला वाटलं होतं आधी भावोजींना शपथ घ्यायला सांगतील आणि मग सगळं उघडं पडेल. पण मालक माझ्याकडे वळले, कारण मी मेस्त्री. मी गुळिगाच्या दगडावर हात ठेवला आणि तेच पुन्हा म्हटलं. म्हणून मोकळा झालो. मी बोलल्यावर भावोजींना कोणी विचारलंच नाही. एकाने शपथ घेतली की दुसऱ्याला काय विचारायचं.

तू हॉस्पिटलात होतीस. तुला बायकांनी सांगितलं, कांताने शपथ घेतली. तू नवऱ्याचं न ऐकता माझं ऐकलंस.

मला वाटलं गुळिग मला सोडणार नाही. वर्षभर मी आजारी पडायची वाट पाहिली. विहिरीत वाकून बघितलं नाही. फणसाखाली उभा राहिलो नाही. रस्त्यात नाग दिसला तेव्हा म्हटलं, आला. तो बाजूने गेला. काहीच झालं नाही. मेस्त्रीचा मोठा मेस्त्री झालो, पेन्शन बसलं. जे काय झालं ते तुमच्या घरात झालं.

त्या बाईंनी दिलेल्या कागदावर हेच सगळं लिहिलंय, थोडक्यात. खाली सही केली आणि 'मेस्त्री' असं लिहिलं. उद्या नेऊन देतो. पत्र आधी टाकतो. तुला बागेतल्या पाटीवरून कळू नये.

मल्लिका, तुझा बाप खोटं बोलला नाही. एकदाही नाही.

कांतप्पा


९ जानेवारी २०१९

अक्का,

पोहोचपावतीवर मल्लिकाची सही आहे, ३१ डिसेंबरची. उत्तर नाही. मी विचारत नाही. फक्त पानं सगळी पोचली का तेवढं कळव, चार होती. माझी टाचणी सैल होती.

कचेरीतलं सांगतो. सुगुणाबाईंनी कागद माझ्यासमोरच वाचला. वाचताना चष्मा डोक्यावरून खाली आला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अज्जा, तुम्ही तर म्हणाला होता कौलं वाहायचो."

"ते खोटं होतं."

"आणि हे?"

"हे खरं आहे. पाटीवर मोनप्पाचं नाव काढा, माझं घाला. कांतप्पा पूजारी, मेस्त्री. परवानगी दिली असं घाला."

त्यांनी पेन मिटून ठेवलं. मग वरच्या साहेबांना फोन लावला. मला बाहेर बसवलं. आठ दिवसांनी या म्हणाल्या. आठ दिवसांनी गेलो तर म्हणाल्या, "साहेबांचं म्हणणं पडलं, कोणाचंच नाव नको. हयात माणसाचं तर नकोच, उद्या तुमच्या घरचे भांडायला येतील. बागेत लोक चार घटका आनंदाला येतात."

"माझ्या घरी भांडायला कोणी नाही. मी एकटाच आहे."

"तरी नको."

काल पाटीवर त्या दोन ओळींवर पत्र्याची पट्टी ठोकली. आता चौथ्या खणासमोर एवढंच आहे: 'भट्टी पूर्ण थंड होण्याआधी दार फोडणे धोक्याचे असे.' भावोजींचं नाव गेलं, ते चांगलं झालं. पण माझं आलं नाही. मी पुन्हा तसाच सुटलो. मी लिहून दिलेलं कचेरीच्या फायलीत जाऊन बसलं.

वारिजाला कचेरीतल्या शिपायाकडून कळलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. फाटक उघडायची आणि दुसरीकडे बघायची. चौथ्या दिवशी मी बाहेरच उभा राहिलो तर म्हणाली, "या की आत. बाग माझ्या बापाची नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "मी तुमच्या तोंडावर मोनप्पा, मोनप्पा करत होते. तुम्ही ऐकून घेतलंत तरी कसं?"

मी म्हटलं, "तीस वर्षं त्या माणसाचं ऐकलं नाही, म्हणून आता ऐकून घेतलं."

ती म्हणाली, "मला नका सांगू असलं काही. मला ड्युटी आहे."

आता ती ते नाव घेत नाही. पण लोक घेतात. पट्टी ठोकली तरी त्यांच्या तोंडात बसलंय. काल आइसक्रीमवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "थांबा मोनप्पा, सुट्टे देतो." त्याने पाटी वाचलेलीसुद्धा नसेल.

पानं चार होती.

कांतप्पा


४ फेब्रुवारी २०१९

अक्का,

तू आणि मल्लिका काल दुपारच्या गाडीने गेलात. सुखरूप पोचलात का ते कळव. गाडीत गर्दी होती आणि मल्लिकाने पिशवी वरच्या फळीवर कडेला ठेवली होती, ती खाली कोणाच्या डोक्यात पडली नाही ना, हे सारखं मनात येतं.

न कळवता आलात. शनिवारी सकाळी वारिजाने मला फाटकातच अडवलं, "अज्जा, तुमची कोणी आली आहेत, भट्टीजवळ बसली आहेत, एक म्हातारी लंगडते." मला तिथून परत फिरावंसं वाटलं होतं. तिने ते ओळखलं असावं, कारण तिने फाटक लावून घेतलं आणि मी आतच राहिलो.

तिथे जे झालं ते तुला माहीत आहे, परत लिहीत नाही. तू चौथ्या खणाच्या दाराशेजारच्या भिंतीवर हात ठेवून उभी होतीस, मोजल्यासारखी. मग म्हणालीस, "चल, दगडाकडे." कुंपणाच्या आत गुळिगाच्या आजूबाजूला चिप्सची पाकिटं पडली होती, ती तू वाकून उचललीस, त्या पायांनी. मी शहाळं ठेवलं, दगडावर हात ठेवला आणि सगळं मोठ्याने म्हटलं. बागेतली दोन माणसं थांबून ऐकत होती. मल्लिका रडत होती. तू रडली नाहीस.

मग तू माझ्या घरी आलीस. नीरडोसे तू घातलेस, माझे फाटतात. जेवलीस, पाणी प्यालीस, रात्री राहिलीस. निघताना म्हणालीस, "कांता, तू घाबरट. लहानपणापासून घाबरट. आईच्या मागे लपायचास. त्या दिवशी मॅनेजर समोर उभा होता, तू घाबरलास. तीस वर्षं मी मोनप्पाच्या ताटात वाढलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. तो माझा भोग. पण घाबरलेल्या माणसाला मी काय करू? झालं ते झालं. आता येत जा." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

मी तुम्हाला स्टेशनवर पोचवलं. गाडी सुटल्यावर बाकावर बसून राहिलो. गँगमन विचारून गेला, बरं नाही का म्हणून.

अक्का, तू मला माफ केलंस ते त्या एका दिवसाबद्दल. एक दिवस माणूस घाबरतो, तुझं म्हणणं बरोबर आहे. पण एक गोष्ट मी पत्रात लिहिली नाही, दगडासमोर म्हटली नाही. ती ऐकून मग ठरव.

मल्लिकाच्या लग्नाच्या आधी, २००७ च्या एप्रिलात, भावोजी माझ्याकडे आले होते. एकटे. तुला त्यांनी काय सांगितलं असेल मला माहीत नाही, बहुतेक गावाकडे पत्रिका वाटायला जातो म्हणून सांगितलं असेल. लग्नाची पत्रिका हातात दिली. मी चहा ठेवला. त्यांनी शपथेचा विषय काढला नाही, भांडले नाहीत. माझी प्रकृती विचारली. छपराची कौलं बघून म्हणाले, ही आपल्याच भट्टीची, अजून चांगली आहेत. तासभर बसले.

उठताना म्हणाले, "कांता, सगळ्यांना सांगू नकोस. तुझं पेन्शन, तुझं नाव, काही जायला नको. लग्नाला ये, आणि फक्त तुझ्या अक्काला एकदा सांग. तुझ्या तोंडून. बाकी कोणाला नाही. मला तेवढं पुरे."

तेव्हा मॅनेजर नव्हता. मालक मेला होता. कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. पेन्शन चालू होतं. माझं काही जाणार नव्हतं. घाबरण्यासारखं घरात कोणीच नव्हतं, समोर फक्त ते होते, पायातल्या चपला हातात धरून, कारण मी ओटा नुकताच सारवला होता.

मी म्हटलं, "बघतो."

ते "बरं" म्हणाले आणि गेले. मी लग्नाला आलो नाही. तू कार्ड टाकलंस, 'कांता का आला नाहीस, भावोजींनी तुझी फार वाट पाहिली, मांडवाच्या दाराशी सारखे जाऊन उभे राहायचे.' त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले.

एवढंच सांगायचं राहिलं होतं. मल्लिका, हे त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं, जसंच्या तसं लिहिलंय, माझं काही घातलं नाही.

आता मी घाबरट म्हणून तू डोक्यावरून फिरवलेला हात परत घ्यायचा असेल तर घे. येत जा म्हणालीस तेही परत घ्यायचं असेल तर घे. तुम्ही दोघी ठरवा. मी उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

तुझा धाकटा भाऊ
कांतप्पा